चुन्याखालचं कासव

सीमेवरच्या चौकीच्या कोठाराच्या भिंतीवर चिताऱ्याने कासव काढलं ते निव्वळ वैतागून. हा शिपाईगडी हातात येईल त्यावर चित्रं काढायचा, म्हणून सगळे त्याला चिताऱ्याच म्हणत. आणि वैतागणार नाही तर काय करेल हो? मुलगी आठ महिन्यांची झाली, रांगायला लागली, आणि या बापाने तिला फक्त फोनवर पाहिलेली! रजेचा अर्ज तीनदा दिला, तीनदा चौकीच्या साहेबांनी "बघू" म्हणून बोळवण केली. शेवटी गाड्यांचा उरलेला हिरवा रंग घेऊन त्याने कासव रंगवलं. लांबलचक नाक, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पाठीवर रजेच्या अर्जांचा ढीग. हुबेहूब साहेब! जवान पोट धरधरून हसले.

साहेब मात्र हसले नाहीत. "उद्या मोठे साहेब तपासणीला येतायत. सकाळी चुना मार त्यावर. चित्र दिसलं तर वर्षभर रजेचं नाव काढायचं नाही!"

चिताऱ्याने उजाडताच दोन हात चुना मारला. पण चुना वाळल्याशिवाय पांढरा होत नाही, आणि त्या गारठ्यात तो वाळतोय कसला! कासव आपलं जसंच्या तसं. बिचारा भिंतीवर फुंकर मारत होता, तेवढ्यात मोठ्या साहेबांची जीप आली, चांगली दोन तास आधी.

मोठ्या साहेबांना इथे कुणीच पाहिलेलं नव्हतं. ते उतरले आणि सगळे एकदा त्यांच्याकडे, एकदा भिंतीकडे बघू लागले. लांबलचक नाक. शेंड्यावर चष्मा.

"पाठीवर काय आहे याच्या?" त्यांनी कासवाकडे बोट करून विचारलं.

"रजेचे अर्ज, साहेब," चिताऱ्या कसाबसा म्हणाला. झालं, गेली रजा!

मोठ्या साहेबांनी स्वतःचं नाक चाचपलं. "अच्छा, इथे मला असं ओळखतात तर." मग चौकीच्या साहेबांकडे वळून म्हणाले, "तुमचाही अर्ज माझ्याकडेच पडलाय ना?"

"पाच महिने झाले, साहेब." नाक कुणाचं, याबद्दल मात्र साहेबांनी चकार शब्द काढला नाही.

"आणा सगळ्यांचे अर्ज!" जीपच्या बॉनेटवरच सह्या झाल्या.

दोन दिवसांनी घरी निघालेल्यांच्या ट्रकमध्ये साहेब चिताऱ्याच्या शेजारीच येऊन बसले.

"खरं सांग, नाक माझंच होतं ना?"

"चुकलं, साहेब."

साहेबांनी वहीतला कागद फाडून त्याच्या मांडीवर ठेवला. "माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. मला ओळखेल की नाही, कुणास ठाऊक. तेच कासव काढ. फक्त पाठीवर अर्ज नकोत, त्याला बसव."

चिताऱ्याने पेन्सिल हातात घेतली, पण डोळे पुसल्याशिवाय त्याला कागद काही दिसेना.