झाडाचं खरं वय

शाळा संपवून विद्यापीठात आलेल्या मुलांना माहिती शोधायला आणि पारखायला शिकवायचं काम ग्रंथपालबाईंकडे होतं. पहिल्याच तासाला त्यांनी चाळीस जणांना खिडकीशी नेलं, अंगणातलं मोठं झाड दाखवलं आणि त्याचं वय शोधायला सांगितलं.

भराभर मोबाइल निघाले. दोन मिनिटांत सगळ्यांचं एकच उत्तर आलं, दोनशे वर्षं. झाडाखालच्या फलकावरही तेच होतं. बाईंनी मुलांना मोबाइलवर सापडलेली अकरा संकेतस्थळं शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावली. सगळीकडे तेच वाक्य, आणि 'ऐतिहासिक' हा शब्द सगळीकडे सारखाच चुकलेला.

"म्हणजे सांगणारे अकरा नाहीत, एकच आहे," बाई म्हणाल्या. "आता त्या एकाला कुठून कळलं?"

शाळेत पाठांतराच्या जोरावर कायम पहिली येणारी एक मुलगी पार गोंधळली. छापलेलं चुकीचं असू शकतं हे तिच्या गावीही नव्हतं. पण तिला चैन पडेना. तीन दिवस ती तळघरातल्या जुन्या कागदांत डोकं खुपसून बसली. चौथ्या दिवशी नाकाच्या शेंड्याला धूळ घेऊन बाईंसमोर उभी राहिली. बागेच्या नोंदवहीत बासष्ट वर्षांपूर्वीची एक ओळ होती : अंगणाच्या मधोमध रोप लावलं. खाली माळ्याची सही.

बाईंचा चेहरा फुलला, पण त्यांनी लगेच मान डोलावली नाही. वही झाली तरी ती एकाच माणसाची, दुसरा पुरावा हवा, असं त्यांनी सांगितलं. मग मुलगी कार्यालयातल्या कारकुनाच्या हात धुऊन मागे लागली. त्याने शेवटी माळीकाकांचा पत्ता काढून दिला. काका दोन गल्ल्या पलीकडेच राहत होते, ब्याऐंशी वर्षांचे, ठणठणीत.

"दोनशे?" ते पोट धरून हसले. "मग माझं वय काय धरायचं, पोरी?"

काकूंनी कपाटातून एक फोटो शोधून आणला. त्यात उकिडवा बसलेला तरुण, गुडघाभर रोप आणि मागे तिसरा मजला चढत असलेली विद्यापीठाची इमारत. त्या मजल्याचं साल नकाशांवरून पडताळलं, चोख जुळलं.

पुढच्या तासाला माळीकाका स्वतः वर्गात आले. नऊ वर्षं आपणही पाहुण्यांना दोनशेच सांगत होतो, एकदाही तपासलं नाही, हे बाईंनी सगळ्यांसमोर कबूल केलं. त्यांचा आनंद लपत नव्हता. मुलांनी टाळ्यांनी वर्ग दणाणून सोडला. ती मुलगी लाजून लाल झाली. पहिल्या नंबराचं असं सुख तिला कधी मिळालं नव्हतं.

नव्या फलकावर खरं वय आलं, आणि ते कशावरून ठरवलं तेही.

काकांनी नोंदवही मागून घेतली. स्वतःच्या सहीवरून कितीतरी वेळ बोट फिरवलं. मग घरी फोन लावला आणि काकूंना म्हणाले, "जरा चांगली साडी नेसून ये. तुला एक झाड दाखवायचंय."