तांबडा रुमाल, पांढरी पट्टी

"अरं, गोल कोन करतंय? तांबडा रुमाल!" गेनूनं नांगराच्या रुमण्यावर हात आपटला.

"आन् चेंडू काय आभाळातनं पडतुय व्हय?" बैलांपुढून कोंडाजी गरजला. "पांढऱ्या पट्टीनं दिला न्हाई, तर तुजा रुमाल माश्या मारीत बसंल!"

दिघीच्या शिवेला लष्कराचं मैदान. रविवारी तिथं पलटणीची हॉकी चाले आणि अख्खं गाव बांधावर बसून बघे. संघात दोन वाघ होते. नावं कुणाला ठाऊक? एक डोक्याला तांबडा रुमाल बांधून गोल ठोकायचा, दुसरा गुडघ्याला पांढरी पट्टी बांधून मागून चेंडू पुरवायचा. गेनूचा जीव रुमालावर, कोंडाजीचा पट्टीवर.

आता ह्या दोघांची सावड होती. दोघांकडं एकेकच बैल, म्हणून दोन्ही बैल एका जुवाला जुपायचे आणि आळीपाळीनं रानं नांगरायची. आज गेनूच्या रानाची पाळी होती.

"तुला हॉकीतलं ओ का ठो कळत न्हाई!" गेनू बोलून गेला, आणि झालं! कोंडाजीनं भर तासात, नांगराची ओळ अर्धीच टाकून, आपला बैल सोडला.

"रविवारी ज्याचा गडी मोटा ठरंल, त्याच्या दारात दुसऱ्यानं सोता बैल घिऊन यायचं. तवर सावड बंद!"

घरी गवराबाईनं नवऱ्याला फैलावर घेतलं. "कांद्याचं रोप वाफ्यात पिवळं पडाय लागलंय. चार दिसांत लावलं न्हाई, तर चाकणच्या बाजारात काय तुमचा रुमाल इकू?"

बायकोचं खरं होतं, गेनूला कळत होतं. पण माघार घ्यायची कशी?

रविवार उजाडला. सामना अगदी शेवटाला आला, तरी दोन्हीकडं दोन-दोन गोल. तेवढ्यात रुमाल चेंडू घेऊन सुसाट सुटला. गोलासमोर एकटा! गेनू टाचा उंचावून उभा राहिला. आणि रुमालानं काय करावं? चेंडू हळूच बाजूला ढकलला. मागून पट्टीनं धावत येऊन तो दणकन् ठोकला. गोल!

बांधावर पटके उडाले. मैदानात रुमालानं पट्टीला खांद्यावर घेतलं.

"बघितलंस?" गेनू ओरडला. "चेंडू कुनी दिला? देनाराच मोटा!"

"वा रं वा! गोल कुनी केला? गोल झाला न्हाई, तर त्या देन्याला काय चाटायचंय?"

परवाचं ह्याचं बोलणं आज त्याच्या तोंडी आणि त्याचं ह्याच्या तोंडी, पण पत्ता दोघांनाही नव्हता. दोघंही जिंकले आणि छाती फुगवून घरी गेले.

सोमवारी सकाळी गेनू ओट्यावर बसला. कोंडाजी आता येईल, मग येईल. उन्हं अंगणात उतरली, तरी कुणी येईना. तंबाखूही कडू लागायला लागली. शेवटी उठून गोठ्यात बघतो तर बैल नाही! घरात गवराबाई नाही!

धापा टाकीत तो रानात पोचला. पलीकडून कोंडाजीही पळत येत होता. रानात गवराबाईनं रुमणं धरलं होतं, आणि कोंडाजीची बायको सरुबाई बैलांपुढं चालली होती. दोन तासं निघालीही होती, जरा वाकडीतिकडी.

"अवो, सोडा!" गेनू ओरडला. "बायकांनी नांगर धरला म्हून गाव शेन घालंल तोंडात!"

"मग धरा की सोता," गवराबाई म्हणाली.

गेनूनं गुमान रुमणं घेतलं, कोंडाजी बैलांपुढं झाला. फाळ मातीत घुसला आणि गेनूच्या छातीवरचा धोंडा उतरला. कांदा आता लागणार होता. कोंडाजीही गालात हसत होता.

बायका बांधावर टेकल्या. सरुबाईनं घाम पुसला.

"गवराबाई, खरं सांगू? नांगर वडतो त्यो आमचाच बैल. तुमचा नुसता सोबतीला चालतुय."

गवराबाई पदर खोचून उभी राहिली. "काय म्हनलीस, सरू? परत बोल!"

नांगर जागीच थांबला. गेनूनं कोंडाजीकडं बघितलं, कोंडाजीनं गेनूकडं, आणि जन्मात पहिल्यांदा दोघं एका सुरात ओरडले,

"दोनी सारकंच हाईत!"