राक्षसाच्या गालावरची तीट

घाबरू नका, मी बोलतोय. सिनेमातल्या राक्षसाचा मुखवटा. खरं तर "घाबरू नका" म्हणणं मला शोभत नाही, माझा जन्मच घाबरवण्यासाठी झालाय. पण मला घडवणारी बाई साऱ्या जगाची काळजी करणारी. टाक्याटाक्यातून तिची काळजी माझ्यात उतरली, त्याला मी काय करणार?

सिंदी मेघे गावातल्या दोन खोल्यांच्या घरात मी जन्मलो. वर्षालीनं फाटक्या गादीचा फोम कापून मला चेहरा दिला आणि त्यावर सरकीसकट कापसाचे पुंजके चिकटवले. तिची लेक रोशनी तेव्हा नुकती धरून-धरून उभी राहत होती. पोरगी झोपली की मी वर्षालीच्या मांडीवर, पोरगी उठली की पलंगाखाली. लेकरू दचकलं तर, हा एक घोर. कोणी दचकलंच नाही तर, हा दुसरा. दोन्ही घोर एकदम बाळगणं तिला छान जमायचं.

सिनेमा तिच्या नवऱ्याचा, चंदनचा. तो सेवाग्रामला नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन शूटिंग. गोष्ट अशी, की आकाशातून एक दगड पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात पडतो. एक तरुण त्याला हात लावतो आणि त्याच्या अंगातून कापूस फुटू लागतो. गाव त्याला मारायला निघतं. त्याची प्रेयसी तेवढी आडवी येते. मला घालायचा मुकेश, प्रेयसी झाली अंकिता. माझ्या आत मुकेशला इतकं उकडायचं की त्याच्या किंकाळ्या अगदी खऱ्या निघायच्या.

चंदनची आई आनंदाबाई मात्र मला पाहून म्हणाल्या, "राक्षस कायचा बाप्पा, फुटलेली उशी दिसते!" वर्षालीला ते दोन दिवस पुरलं.

शेवटचा, प्रेमाचा प्रसंग ज्या दिवशी होता, त्या सकाळी घरात नुसती धावपळ. वर्षालीनं रोशनीला न्हाऊ घातलं, कडेवर घेतलं, गालावर काजळाची तीट लावली. दारात मुकेश मला चढवून तयार. तिनं सवयीनं तेच बोट माझ्याही गालाला टेकवलं. घराबाहेर पडणारं पांढरंफटक तोंड दिसलं, हात गेला. तिलाही कळलं नाही. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर ते कोणालाच दिसलं नाही.

दिसलं ते चंदनला, एडिटिंगला बसल्यावर.

"वर्षाली, हे काय वं? राक्षसाले तीट काऊन लावली?"

तिचा चेहरा उतरला. "मीच लावली असन. हाताले सवय आहे ना."

"लोकं हासतीन आता. या एका सीनसाठी सारा सिनेमा केला मी."

पुन्हा शूटिंग करावं तर पऱ्हाटी उपटून शेत रिकामं झालेलं, अंकिता नोकरीला पुण्याला गेलेली. चंदन ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता कॉम्प्युटर बंद केला, आणि वर्षाली जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी रोशनीला तीट लावताना तिचं बोट मध्येच थांबलं. ती चंदनजवळ जाऊन उभी राहिली.

"अवो, मले सिनेमातलं काही समजत नाई. पण तीट आपण कोणाले लावतो? आपल्याच माणसाले ना? गावाले तो राक्षस दिसते, अंकिताले आपला दिसते. मंग तिनंच लावली असं दाखवलं तं?" आणि लगेच, "चुकत असन तं राहू द्या."

चंदननं वर्षालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

एकच शॉट हवा होता, नुसत्या हाताचा. अंकिताच्या इथेच राहिलेल्या हिरव्या बांगड्या वर्षालीनं हातात भरल्या. माझी जुनी तीट कापसाच्या नव्या पुंजक्यानं झाकली, आणि गच्चीवर, मोकळ्या आभाळासमोर मुकेश मला घालून उभा राहिला.

"हात थरथरून राह्यला माझा," ती म्हणाली.

"थरथरू दे," चंदन कॅमेऱ्यामागून म्हणाला.

समाजमंदिराच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून भरदुपारी सिनेमा दाखवला. वर्षाली रोशनीला घेऊन दारापाशी बसली, पळता यावं म्हणून. मी पडद्यावर आलो तसा कोणी तरी ओरडला, "अबे, गादी पळाली!" सगळे हसले. वर्षालीनं डोळे मिटून घेतले.

मग तो हात वर आला. बांगड्या किणकिणल्या. बोट थरथरत माझ्या गालाकडे येऊ लागलं. आणि पुढच्या रांगेतून आनंदाबाईंचा रडवेला हुकूम आला, "लाव वं पोरी, लाव! कोणाची नजर नको लागू देजो त्याले!"

कोणी हसलं नाही. वर्षालीनं डोळे उघडले. रोशनी माझ्याकडे टक लावून पाहत होती, एक बोट स्वतःच्या गालावर ठेवून. वर्षालीनं एवढा लांब श्वास सोडला की रोशनीचं जावळ हललं.

आता मी पुढच्या खोलीत, खिळ्यावर. पलंगाखाली नाही. रोज सकाळी रोशनीला तीट लावून झाली की बोटावर उरलेलं काजळ माझ्याकडे येतं. भयानक व्हायचं माझ्याकडून राहूनच गेलं, आणि खरं सांगू, सुटलो!

दिवाळीच्या साफसफाईत कोणी ओलं फडकं घेऊन माझ्याकडे वळलंच, तर एवढंच मागणं आहे. धूळ झटका, कापूस गळला तर गळू द्या. तेवढी तीट पुसू नका.