दोनच्या रकान्यात

“दोनच्या रकान्यात ‘काळोख’ लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?” चौकशीसाहेबांनी नोंदवही फिरवून पुढे केली.

“माझंच,” दिवेवाला म्हणाला.

“मग अर्थही सांगा. कागदावर घ्यायचाय.”

अर्थ त्याला तोंडपाठ होता. बंदराच्या तोंडाशी दोन काठांवर दोन दिवे, अलीकडचा त्याच्या ताब्यात. होड्यांनी त्यांच्या मधून आत यायचं. रखवालदाराने दर तासाला समोर बघायचं आणि वहीत एक शब्द लिहायचा. चांदण्या दिसल्या तर ‘अंधार’. चांदण्या नाहीत, पण पलीकडचा दिवा दिसतोय, तर ‘काळोख’. तोही दिसेना, तर ‘मिट्ट’. आणि ‘मिट्ट’ लिहिलं की लगेच भोंगा वाजवायचा, म्हणजे होड्या बाहेरच थांबतात. बाकीच्या जगाला तिन्ही शब्द सारखेच, इथे मात्र त्यांच्या भरवशावर माणसं घरी येत.

त्या रात्री दोनच्या सुमारास एक होडी खडकावर गेली आणि होडीवाला बुडाला. पलीकडच्या दिव्यावर दिवेवाल्याचा मेहुणा होता. त्याने छातीठोकपणे सांगितलं, दिवा रात्रभर चालू होता, हवं तर दाजींची वही बघा.

सकाळी निघताना बायकोने बजावलं होतं, “लिहिलंय तेवढंच बोला. जास्तीचं शहाणपण नको. माझ्या भावाच्या पोरांच्या तोंडचा घास जाईल.”

“म्हणजे पलीकडचा दिवा दिसत होता,” साहेब म्हणाले. “मग दोष होडीवाल्याचा. प्यायला असणार. सही करा नि मोकळे व्हा.”

होडीवाला कधी थेंबालाही शिवला नव्हता, हे अख्ख्या बंदराला ठाऊक होतं. दिवेवाल्याने पेन उचललं. सव्वीस वर्षांत पलीकडचा दिवा एकदाही विझला नव्हता. त्यामुळे आभाळ भरलेलं असलं की हा पठ्ठ्या रात्री दहालाच पुढच्या सगळ्या रकान्यांत ‘काळोख’ लिहून टाकायचा आणि चहा करत बसायचा. कोण तपासतंय! आज त्याला स्वतःची किळस आली. त्याने पेन खाली ठेवलं.

“साहेब, मी बघितलंच नाही.”

“काय?”

“सगळे शब्द दहालाच लिहिले होते. दोनला दिवा होता की नव्हता, देव जाणे. त्या नोंदीवर जाऊ नका.”

“नोकरी जाईल तुमची. कळतंय ना?”

“कळतंय. होडीवाल्याच्या माथी तेवढं मारू नका.”

बाहेर अरुंद बोळात बाकावर होडीवाल्याची बायको बसली होती. तिने मान वर केली. “काका, लोक म्हणतात ते प्यायले होते.”

“नव्हता प्यायला. समोरचा दिवा बंद असेल, तर भोंगा वाजवायचं काम माझं. मी बघितलंच नाही, पोरी.”

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने विचारलं, “किती वेळ लागतो बघायला?”

“खिडकीपर्यंत जायचं,” तो म्हणाला. “चार पावलं.”

त्याला जाता यावं म्हणून तिने पाय आत घेतले.