शिवप्पांची यादी आणि माझी झोप

मी जगदेवीच्या टेबलावरचा संगणक बोलतोय. लातूरला शिकवणी वर्गांच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, तिची डीटीपीची लहानशी खोली आहे. तिथे मी आठ वर्षं काम केलं.

माझी जुळणी नांदेडला झाली. आधी मी एका शिकवणी वर्गात पोरांची नावं आणि टक्केवारी लिहायचो. वर्गाने नवे पातळ संगणक घेतले, तेव्हा जगदेवीने मला आणलं. तिच्याकडे प्रश्नपत्रिकांचं काम असायचं. भौतिकशास्त्राच्या आकृत्यांचा भार मला पेलेना, म्हणून दुरुस्तीवाल्या चांदपाशांनी माझ्यात रॅमची, म्हणजे चालू आठवणीची, दुसरी पट्टी बसवली. चांदपाशा आधी रेडिओ दुरुस्त करायचे. हात हलका, बोलणं कमी.

त्यानंतर मला एक खोड लागली. जगदेवी जेवायला गेली की मी झोपायचो. परत येऊन तिने कळ दाबली की पडदा उजळायचा, सगळं होतं तसं दिसायचं, पण बाण हलायचा नाही. मग मला बंद करून पुन्हा सुरू करायचं. साठवलेलं नसेल ते गेलं. दोन-चार ओळी जायच्या, ती पुन्हा लिहायची. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण दुरुस्तीला बोलावतं?

२०१८च्या उन्हाळ्यात तिचे सासरे शिवप्पा दुकानात आले. ते औसा तालुक्यातल्या एका खेड्यात पोस्टमन होते. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव गेलं. शिवप्पा तेव्हा टपालाच्या कामाला औशाला मुक्कामी होते आणि त्यांचा मुलगा लातूरला वसतिगृहात. घरातले हे दोघेच उरले. पंचवीस वर्षं शिवप्पांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आता गावकरी जुन्या गावठाणात गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवणार होते, आणि सगळी नावं सांगू शकेल असा माणूस म्हणजे तेच.

ते खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात पोस्टातून निघाले. ज्या क्रमाने टपाल वाटायचे, त्याच क्रमाने एकेक घर. आधी घर, मग माणसं. जगदेवीने त्यांना एकदाही थांबवलं नाही. फाइल साठवायलासुद्धा ती थांबली नाही. तेवढ्यात त्यांची वाट मोडेल, अशी तिला भीती वाटली. अडीच तासांनी शिवप्पा उठले. ती त्यांना जेवायला घेऊन गेली.

तासाभराने येऊन तिने कळ दाबली. मी उजळलो आणि तसाच गोठलो.

पडद्यावर यादीची शेवटची एकोणतीस नावं दिसत होती. बाकीची वर होती आणि वर जाता येत नव्हतं. जगदेवीने बटणाला हात लावला नाही. वही घेतली, दिसत होती तेवढी नावं उतरवली आणि चांदपाशांना फोन केला. ते आले, बराच वेळ कळा दाबून पाहिल्या, मग म्हणाले की आता बंदच करावं लागेल. बटण तिनेच दाबलं.

किती उरली, एवढंच शिवप्पांनी विचारलं. तिने आकडा सांगितला. ते चपला घालून घरी गेले. पुन्हा सांगा म्हणायचा तिला धीर होईना.

चांदपाशा तीनदा आले. माउस-कीबोर्ड बदलले, पडदा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नवा घातला, शेवटी विंडोजही पुन्हा टाकलं. प्रत्येक वेळी मला झोपवायचे, दोन मिनिटांनी उठवायचे. मी नीट उठायचो. ते जायचे आणि दुपारी मी पुन्हा अडकायचो. जगदेवी मग वहीत वेळा मांडू लागली. चौथ्यांदा ते आले तेव्हा तिने वही पुढे केली.

"चाचा, दोन मिनिटं झोपला तर हा उठतोच. अर्ध्या तासाच्या वर झोपला की अडकून राहिलाय. तेवढं थांबून बघावं लागंल."

झोपेत माझं बाकी सगळं बंद असतं. बारीकशा विजेवर फक्त रॅम सगळं धरून ठेवते. चांदपाशांनी जुनी पट्टी काढली, नवी एकटी ठेवली आणि तासभर बसून राहिले. मी अडकलो.

"ही पट्टी मीच बसवली व्हती, ताई," ते म्हणाले. "चूक माझ्या हातची हाय."

त्यांनी नवी काढली, जुनी बसवली आणि मला पुन्हा झोपवलं.

या वेळी मला तासाभराने कुणी उठवलं नाही, चांगले तीन तास गेले. त्यात काय झालं ते मी पाहिलं नाही. उठलो तेव्हा बाण सरळ हलला, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शिवप्पा खुर्चीत होते, जगदेवीच्या मांडीवर वही भरलेली होती आणि चांदपाशा हातात पेचकस धरून बसले होते. यंत्र सुधारलं का बघायला शिवप्पा आले होते म्हणे. खालची एकोणतीस आहेत, फक्त वरची सांगा, असं ती म्हणाली, तर त्यांना वाट मध्येच सोडता येईना. ते पुन्हा पोस्टापासून निघाले आणि शेवटच्या घरापर्यंत गेले.

जगदेवी वहीतून माझ्यात नावं लिहू लागली. दर घराला साठवत गेली. मागच्या वेळी यादी जिथे संपली होती, त्याच्यापुढे या वेळी आणखी एक घर होतं. लक्ष्मम्मा शिवप्पा, वय चौतीस. मल्लम्मा शिवप्पा, वय सहा. नणंदेचं नाव जगदेवीने सासऱ्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिचे हात कळांवर थांबले.

"त्या घरी मी कधी टपाल दिलं न्हाई," शिवप्पा म्हणाले. "माझंच घर. म्हणून त्या दिवशी वाटंत लागलं न्हाई."

जगदेवीने ती दोन नावं लिहिली आणि साठवली. सप्टेंबरात दगड बसला.

आता मी कपाटावर आहे. तिच्या टेबलावर नवा संगणक आलाय आणि तो चटकन उठतो. माझी तक्रार नाही. एवढंच सांगतो: तुमच्या घरात असं कुणी असेल, तर आमच्या भरवशावर राहू नका. वही घेऊन शेजारी बसा. आणि त्यांचं सांगून संपलं असं वाटलं, तरी लगेच उठू नका.