सुगीतला चेहरा

फोटो कधी काढायचा हे पंचांगात लिहिलेलं नसतं, पण शेवगावच्या राधाकृष्णाला ते तोंडपाठ होतं. मार्गशीर्षात बाजरी घरात आली, की बाजारच्या दिवशी माणसं धुतलेले कपडे घालून त्याच्या स्टुडिओपुढे उभी राहायची. वैशाखात लग्नं. आषाढात दाराला कुलूप, कारण ओल्या हवेत कॉप्या वाळत नसत आणि निगेटिव्हला बुरशी धरायची. उन्हाळ्यात लग्नाचं सोडून हौसेनं कोणी फिरकत नसे. रापलेलं, वाळलेलं तोंड कोण भिंतीवर लावणार? फोटो म्हणजे एकेकाळी आपल्याही अंगावर चार मुठी मांस होतं याचा पुरावा, आणि तो पुढची तीस वर्षं पाहुण्यांना दाखवायचा असतो.

राधाकृष्ण स्वतः या रिवाजाचा मोठा भगत. कोणी हडकुळं पोर घेऊन आलं, की तो सरळ परत पाठवायचा. "सुगी होऊ द्या, जरा बाळसं धरू द्या, मग या," म्हणायचा. गिऱ्हाईक परत लावणारा फोटोवाला म्हणून बाजारात त्याची टिंगल व्हायची आणि या गृहस्थाला त्या टिंगलीचाही अभिमान! मोठेपणा मिरवायची हौस माणसाला कुठे घेऊन जाईल सांगता येत नाही.

बहात्तरच्या दसऱ्याला चांगुणा तिच्या पोरीला, कडूला, घेऊन आली होती. तिचा नवरा बन्सी दुसऱ्या दिवशी बेलापूरकडे ऊसतोडीला निघायचा होता आणि त्याला पोरीचा फोटो सोबत हवा होता. पाऊस रुसलेला, बाजरी जागच्या जागी करपलेली, पोरीच्या गळ्याची हाडं वर आलेली. राधाकृष्णानं कडूची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि मान हलवली. "बन्सीला काय हाडं बघत बसायचंय का? संक्रांतीनंतर या, झकास काढू." चांगुणा ओशाळून हसली आणि पोरीला घेऊन गेली. संक्रांत आली न् गेली, पण बाळसं काही आलं नाही.

आता वैशाख होता. त्या साली लग्नंही नव्हती. राधाकृष्ण रिकाम्या स्टुडिओत माश्या मारत बसला होता, तेवढ्यात चांगुणा दारात आली. पायांत वहाणा नव्हत्या. हातापायांवर दुष्काळी कामावर खडी फोडल्याची पांढरी भुकटी बसली होती.

"भाऊ, कडूचा फोटू पायजे," ती म्हणाली. "तुमच्याकडं आसंल ना? मागं काढला हुता त्यो?"

"आहे की. पण बसा तरी. झालं काय?"

ती बसली नाही. "पोर हरावली, भाऊ. आज बारा दिस झालं. बाप अजून तिकडं उसातच हाय. आमी खडी फोडाया जातो ना, तितं टरक आला. दुसऱ्या कामावर मानसं न्यायची हुती. म्या पानी आनाया गेल्ते. पोरीला वाटलं आय टरकात बसली, म्हनून ती बी चढली. त्या टरकानं मानसं तीन-चार कामांवर वाटत नेली. डायवरला काय ठावं, कुनाची पोर कुटं उतारली! पोलीस म्हनत्यात, फोटू आना."

 दसऱ्याला धरलेली ती हनुवटी राधाकृष्णाच्या बोटांना जाणवली. पोरीचा या सालचा चेहरा आज कुठेही उमटलेला नव्हता आणि त्याला कारण तो एकटा होता.

जुनी निगेटिव्ह मात्र सापडली. सत्तरच्या मार्गशीर्षातली. स्टुडिओतला झालरीचा फ्रॉक घातलेली पाच वर्षांची कडू, दोन वेण्या, रिबिनी, गालांचे नुसते लाडू. चांगुणाच्या घरची कॉपी वाळवीनं खाल्ली होती. त्यानं झटपट दुसरी काढून दिली. ती पदराखाली धरून ती गेली तेव्हा त्याला वाटलं, चला, आपल्या हातून काहीतरी झालं.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. फोटो तिनं टेबलावर ठेवला.

"कुनी वळखंना," ती म्हणाली. "चार कामांवर हिंडले. हसत्यात मला. म्हनत्यात, बाई, ही बागाईतदाराची पोर हितं सरकारनं वाटलेली सुकडी खायाला कशाला येईल? पोलीस बी म्हनला, ही तुजीच कशावरून?" तिनं बोटानं फोटोतल्या वेणीला हात लावला. "डोस्क्यात उवा झाल्त्या, न्हायाला पानी न्हाई, म्हनून फाल्गुनात गोटा केला तिचा. आन् गाल... भाऊ, हिचे गाल काढून टाका."

"काय?"

"तुमी लोकांचे गाल भरून देता की. शेजारच्या लंकाबाईच्या पोरीचे दिले, सोयरिकीसाठी. तसेच हिचे काढा."

 वीस वर्षं राधाकृष्णानं बारीक शिसपेन्सिलीनं निगेटिव्हवर माणसांचे खड्डे बुजवले होते. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे कॉपीत उजळ येतं, मग बसलेले गालही भरल्यासारखे दिसतात. पण भरलेला गाल बसवायचा तर पेन्सिल कामाची नाही. त्याला दाढीचं पातं घेऊन निगेटिव्ह खरवडावी लागते. एकदा खरवडली की परत येत नाही.

"बाई, ही एकच निगेटिव्ह आहे," तो म्हणाला. "यावर हात चालवला तर एवढी एक कॉपी उरेल, पण ही गोंडस कडू पुन्हा कधी निघायची नाही. पोरगी सापडली तरी नाही."

"पोर न्हाई घावली तर मी गोंडस फोटू पुजत बसू का?" चांगुणा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. मग लगेच खाली बसली. "करा, भाऊ. पाया पडते."

एका कॉपीवर शाई फिरवून भागलं नसतं. दहा-बारा कामांवर लावायच्या तर निगेटिव्हच बदलायला हवी होती. त्यानं ती खिडकीतल्या काचेवर लावली, भिंग डोळ्याला धरलं आणि पातं हातात घेतलं. निगेटिव्हमध्ये पोरीचं तोंड काळं आणि केस पांढरे दिसत होते, तरी चांगुणानं ती ओळखली.

"सांगा," तो म्हणाला. "कशी दिसते ती आता?"

आणि ती सांगू लागली. डोळ्यांखाली खोल. अजून खोल, भाऊ. गाल आत, हितं, दातांच्या रेघेपर्यंत. वठ फुटलेले. कानशिलं बसलेली. मान... मानेच्या शिरा दिसत्यात. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. बारा-पंधरा दिवस ती पोरीला शोधत होती, पण सहा-सात महिने पोरीला काय होत होतं ते तिनं आजच पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. एकदम थांबून ती म्हणाली, "यवढी वाळली हुती वो? मला रोज बघून कळलंच न्हाई." राधाकृष्णानं मान वर केली नाही. पातं घसरलं असतं तर सगळंच गेलं असतं, आणि तिच्या तोंडाकडे बघण्याची त्याच्यात हिंमतही नव्हती. वेण्या आणि रिबिनी त्यानं पेन्सिलीनं झाकून टाकल्या. फ्रॉकची झालर मानेखाली कापली.

कॉपी निघाली तेव्हा चांगुणानं ती दोन्ही हातांत घेतली. "हीच," ती म्हणाली. "हीच माजी कडू." त्याला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

पंधरा कॉप्या एसटीच्या कंडक्टरांनी आणि ट्रकवाल्यांनी नेल्या. खाली राधाकृष्णानं स्टुडिओचा पत्ता लिहिला होता. एक निरोप आला तरी नशीब, असं त्याला वाटलं होतं. आठ दिवसांत पाच ठिकाणांहून निरोप आले. पोरगी हितंच हाय, या घेऊन जा.

आनंदानं चांगुणाला काय करावं सुचेना. पाचातली एक तर असेलच! राधाकृष्णानं स्टुडिओ बंद केला आणि तिच्याबरोबर निघाला. डबा कॅमेरा खांद्याला होता. माय-लेकींचा फोटो काढायचा, तोही तिथल्या तिथे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

पहिल्या कामावर गोटा केलेली, खोल डोळ्यांची एक पोर पुढे आणली. ती कडू नव्हती. दुसऱ्या कामावरचीही नव्हती. तिसऱ्या ठिकाणी दोघी-तिघी आणून उभ्या केल्या आणि मुकादम म्हणाला, "यातली कोन ती बघून घ्या, आमाला सारख्याच दिसत्यात." चौथ्या ठिकाणाहून परतताना बैलगाडीत राधाकृष्णाला आपण काय करून बसलो ते नीट कळलं. भरल्या गालांची कडू कोणालाच सापडत नव्हती आणि खरवडलेली कडू जिथे जावं तिथे होती. त्यानं एका पोरीचा चेहरा म्हणून त्या सालातल्या सगळ्याच पोरींचा चेहरा कोरला होता. हे चांगुणाला सांगावं की नाही, ते त्याला दोन मैल ठरवता आलं नाही. तिला ते कळलं होतं की नाही कोण जाणे. ती सारखी एवढंच म्हणत होती, "राहात्याचं राहिलंय अजून. राहात्याचं राहिलंय."

राहात्याच्या पुढे पाटाची चारी खोदायचं काम चालू होतं. भिमाजी नावाचा मुकादम सामोरा आला. भला माणूस होता. त्यानं फोटो आपल्या टोपीत जपून ठेवला होता. "पोर ट्रकातूनच उतरली, बाई. वीस-पंचवीस दिवस हितं ऱ्हाती. कुनी मागं न्हाई, पुढं न्हाई," तो म्हणाला. चांगुणा धावतच निघाली. बाभळीच्या विरळ सावलीत सात-आठ वर्षांची पोर पाठमोरी बसली होती. तसाच गोटा, तशीच मान. चांगुणानं "कडे!" म्हणून हाक मारली. पोर वळली.

ती कडू नव्हती.

चांगुणा होती तिथे उभी राहिली. पोरीनं आधी तिच्याकडे, मग भिमाजीच्या हातातल्या फोटोकडे बघितलं. उठून जवळ आली आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो माजा हाय. सगळी म्हनत्यात ह्यो माजाच हाय. माज्या आयनं धाडलाय ना?"

 भिमाजीनं तोंड फिरवलं.

"नाव काय गं तुजं?" चांगुणानं विचारलं.

"बनी."

"गाव?"

पोरीनं नुसता हात लांब केला, सूर्य होता त्या दिशेला. "आय सुकडीच्या रांगंत हुती. मला म्हनली, हितंच बस. टरक आला, बायका चढल्या, मला वाटलं आय बी चढली."

चांगुणानं डोळे मिटले. मग राधाकृष्णाकडे वळून म्हणाली, "भाऊ, हिचा फोटू काढा."

ऊन डोक्यावर होतं. अशा उन्हात डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा येतात, हे त्याला पाठ होतं. "बाई, जरा कलतं ऊन होऊ द्या, मग..." एवढं म्हणून त्याची जीभ अडखळली. आपण पुन्हा तेच बोलतोय हे ध्यानात येऊन त्यानं खांद्यावरून कॅमेरा उतरवला.

"हिची बी आय कुटंतरी हिंडत आसंल," चांगुणा म्हणाली. "तिच्याकडं तर सुगीतला बी नसंल."

तिनं पोरीला बाभळीच्या सावलीतून उन्हात आणून उभं केलं, पदराच्या टोकानं तिचं तोंड पुसलं आणि शेजारी उभी राहिली. राधाकृष्णानं खाली वाकून बघितलं.

"बाई, हात सोडा तिचा. हात येतोय फोटोत."

चांगुणानं सोडला नाही. तिला ऐकू आलं नाही की सोडवला नाही, त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यानं खटका दाबला.

"आय वळखंल का मला ह्याच्यात?" बनीनं विचारलं.

"वळखंल की," चांगुणा म्हणाली. "आत्ता जशी हाईस तशीच काढलीया." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ती त्या परक्या पोरीचा हात तसाच धरून खाली मातीत बसली आणि ओरडून ओरडून रडली. चारीतल्या बायका कुदळी थांबवून बघत राहिल्या. मग त्यांतली एक वर चढून आली, आपल्या पोरीला पुढे ढकलून राधाकृष्णाला म्हणाली, "हिचा बी काढा, भाऊ. आजच काढा."