मामाची टोपी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना ध्वनिवर्धक आहे. हे नाव ऐकले की तुम्हाला मांडवातला कर्णा आठवत असेल. तो माझा थोरला भाऊ. रेडिओत, फोनमध्ये, चर्चमधल्या गाण्यांच्या पेटाऱ्यात माझे भाऊबंद आहेत आणि त्यांच्याभोवती माणसे गोळा होतात. मी मात्र शेंगेएवढा. एकाच माणसाच्या कानामागे बसतो. लोक मला कानाचे मशीन म्हणतात.

माझे काम सांगतो. माझ्यात एक इवलासा पडदा आहे. आवाज आला की तो थरथरतो आणि त्यातून विजेची क्षीण लहर निघते. तिच्या एकटीच्याने काही होत नाही. पण माझ्या सेलात पुष्कळ वीज साठलेली असते. ती लहर त्या विजेची जणू तोटी फिरवते. लहर चढली की तोटी उघडते, उतरली की मिटते. मग सेलातली वीज लहरीच्याच चालीने वाहते आणि दुसऱ्या टोकाचा पडदा तिचा पुन्हा आवाज करतो. चाल तीच, जोर मोठा. बस्स, एवढीच माझी विद्या.

मी बोत्स्वानातल्या मोशुपा गावी गाओलाथेच्या वाट्याला आलो. गुरे राखता राखता त्याचे कान कधी गेले, ते त्यालाच कळले नाही. सेथुन्या ही त्याच्या बहिणीची मुलगी, त्यानेच वाढवलेली. तिने त्याला दवाखान्यात नेले. तिथल्या बाईंनी कानात मऊ लगदा भरून साचा घेतला आणि मला त्याच्या कानामागे बसवले.

पहिल्याच दिवशी तो वैतागला. शेळ्यांच्या घंटा, ताटांचा खणखणाट, वारा, सगळे एकदम आत शिरले.

"कानात बाजार भरवलास की गं माझ्या!" तो ओरडला.

"धीर धरा मामा," सेथुन्या म्हणाली. "कान ऐकायचं विसरलेत. त्यांना जरा आठवू द्या."

दोष माझाही होता. मला निवड करता येत नाही. भाचीची हाक आणि ताटाचा खणखणाट, मी दोन्ही वाढवतो.

शिवाय त्याला माझी लाज वाटे. मला लपवायला त्याने टोपी कानावर ओढली. तिथेच घात झाला. कानातून निसटलेला आवाज टोपीच्या काठाला आपटून माझ्याकडे परत येई. मी तो वाढवी, तो पुन्हा निसटे, पुन्हा परत येई, आणि माझी शिट्टी सुरू होई. "मामाच्या टोपीत पाखरू शिरलंय!" म्हणत पोरे मागे लागली. गाओलाथेने सेल काढून मला चहाच्या रिकाम्या डब्यात टाकले. सेल नसला की मीही बहिराच. तो बाहेर बहिरा, मी डब्यात बहिरा. एकाच घरात आम्ही दोघे एकटे होतो, आणि फार दिवस एकटे होतो.

मग सेथुन्याला मागणी घालायला पाहुणे येणार असा निरोप आला. या लोकांत मुलीच्या मामाने मागणी ऐकून उत्तर दिल्याशिवाय मुलगी घर सोडत नाही. गाओलाथेने गुपचूप डबा उघडला, नवा सेल घातला आणि मला कानामागे ठेवून तो अंगणात बसला. पलीकडे त्याचा धाकटा भाऊ मोआत्लोदी सेथुन्याशी बोलत होता. दादाला काही ऐकू येत नाही, याची त्याला खात्रीच होती.

"मामा म्हणून मीच बोलेन. दादाला बसवू शेकोटीपाशी, चहाची किटली बघेल."

"मला वाढवलं त्यांनी. उत्तर तेच देतील."

"आणि न ऐकताच मान डोलावली तर? हसं होईल आपलं."

यावर सेथुन्या काहीच बोलली नाही. तिचे ते गप्प बसणे गाओलाथेला सगळ्यात जास्त लागले. भावाचे ते शब्द मीच त्याच्या कानात घातले होते. मला फार वाईट वाटले.

ठरल्या दिवशी उजाडताच पाहुणे घरच्या चावडीवर, म्हणजे अंगणातल्या बैठकीच्या जागी आले. गाओलाथे किटलीकडे न जाता सरळ मामाच्या खुर्चीवर जाऊन बसला, पण टोपी घालूनच. चावडीवर पुरुषाने टोपी काढायची असते. सगळ्यांच्या टोप्या गुडघ्यांवर होत्या. पाहुण्यांतला म्हातारा बोलू लागला आणि मी शिट्टी घालू लागलो. गाओलाथेला शब्द कळेना.

"आमच्यापुढे टोपी काढावी, एवढीही आमची लायकी नाही का?" म्हातारा उठलाच.

"दादा, टोपी!" मोआत्लोदी कुजबुजला. गाओलाथेने सेथुन्याकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते. त्याने टोपी काढली. माझी शिट्टी थांबली, आणि सगळ्यांनी मला पाहिले.

"हे लपवायला टोपी होती, तुमचा अपमान करायला नव्हे," तो म्हणाला. "आता पुन्हा बोला. ओरडू नका, ओरडलं की नुसता गोंगाट होतो. माझ्याकडे बघून सावकाश बोला."

म्हातारा हसला आणि खाली बसला. "आम्ही पाणी प्यायला तुमच्या घरची भोपळी मागायला आलोय." भोपळी म्हणजे वाळक्या भोपळ्याचे पाणी प्यायचे भांडे; तिथे मुलगी अशीच मागतात.

मोआत्लोदीने तोंड उघडले. गाओलाथेने हात वर करून त्याला थांबवले.

"भोपळी देतो. पण या घरात ती एकच आहे. सांभाळून न्या."

त्या दिवशी किटली मोआत्लोदीने सांभाळली.

लग्न होऊन सेथुन्या दूर गेली. आता गाओलाथे रोज सकाळी मला लावतो आणि फाटकाकडे तोंड करून बसतो. शेजारी येतात, हाताने खुणा करतात आणि निघून जातात. "ऐकू येत नाही त्याला," असे मोठ्याने म्हणतात, आणि ते मी त्याला ऐकवतो.

मित्रांनो, मला घामापासून जपा, कोरडे ठेवा, माझा सेल वेळेवर बदला. पण एवढ्याने माझे पोट भरत नाही. मी आवाज वाढवतो, आवाज तयार करू शकत नाही. कुणी बोललेच नाही, तर मी वाढवू काय?

काल दुपारी अंगण अगदी शांत होते. गाओलाथेने बराच वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच हळूच हाक मारली, "सेथुन्या." मी ती हाक घेतली, होता नव्हता तेवढा जोर लावून मोठी केली, आणि त्याच्याच कानात परत सोडली.